ते वर्ष आठवते का? मनाच्या जुन्या दुखण्याची विचारपूस



तुमची विहीर कोणत्या वर्षी आटली, असे आम्ही विचारले तर तुम्ही क्षणात सांगाल. बैलजोडी कधी घेतली, बांधावरचे आंब्याचे झाड कधी वठले, कोणत्या वर्षी तुरीवर अळी पडून शेंगा पोकळ राहिल्या, हेही सांगाल. पण तुमचे मन कोणत्या वर्षी आटले होते, असे विचारले तर? बहुतेक जण म्हणतील, "छे, मला तसले काही कधी झाले नाही." आणि त्याच घरातली माउली चुलीपुढून हळूच म्हणेल, "अहो, ते दोन महिने तुम्ही खाटेवरून उठत नव्हता, ते विसरलात?"

या अंकात आपण एक साधाच पण महत्त्वाचा प्रश्न पाहणार आहोत. मनाच्या आजाराची पाहणी करणारी मंडळी दारात येतात, वही किंवा टॅब उघडून विचारतात, "आयुष्यात कधी असा त्रास झाला होता का?" अशा वेळी माणसाला खरे उत्तर का आठवत नाही, आणि ते आठवावे यासाठी विचारणाऱ्याने व सांगणाऱ्याने काय करावे? आपल्या धर्मग्रामातील तरुण, महिला मंडळे आणि सिस्टरांबरोबर घरभेटीला जाणारे स्वयंसेवक यांनी हा पाठ विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी आमची विनंती आहे.

सुलतान बाजारची साक्ष

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची शेती नांदेड, लातूर, बिदर, आदिलाबादकडे आणि लग्नाचा बस्ता, शाळेची पुस्तके, मोठा दवाखाना हैदराबादेत, असा जुना परिपाठ आहे. त्यामुळे सुलतान बाजार व शेजारची कोठी आपल्याला परकी नाही. या बाजाराचे मूळ नाव रेसिडेन्सी बाजार. इंग्रजांच्या रेसिडेन्सीला लागून तो वसला, म्हणून ते नाव. 1933 साली हा भाग निजाम सरकारकडे परत आला आणि त्याचे नाव सुलतान बाजार पडले.

आता पाहा. ज्या पिढीला जन्मतारीख ठाऊक नव्हती, ती पिढी "रेसिडेन्सी बाजार होता तेव्हाची गोष्ट" असे म्हणे, आणि ऐकणाऱ्याला काळ कळे. आजच्या पिढीलाही तसाच टप्पा आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये ज्युबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक ही मेट्रो सुरू झाली आणि सुलतान बाजारला स्टेशन आले. पुढच्याच महिन्यात करोनाची टाळेबंदी लागली. "मेट्रो सुरू झाली तेव्हा तुमची झोप ठीक होती का? टाळेबंदीत कशी होती? त्यानंतरच्या पेरणीला?" असे विचारले की माणूस थांबतो, आठवतो आणि सांगतो. "2020 साली तुम्हाला नैराश्य होते का?" असे विचारले तर तो मान हलवून मोकळा होतो.

आपल्या पूर्वजांना हे नवे नव्हते. निजामाच्या राज्यातील जुन्या महसुली कागदांवर फसली सन असे. फसल म्हणजे पीक. काळ पिकाने मोजण्याची ती रीत होती. पाहणीचे शास्त्र आज फिरून त्याच बांधावर आले आहे, असे म्हटले तरी चालेल.

विसर का पडतो?

मनाच्या दुखण्याचा विसर पडण्याची कारणे अनेक आहेत. मुख्य चार सांगतो.

पहिले कारण, त्या दुखण्याला नाव मिळालेले नसते. पाय मोडला तर प्लास्टर लागते, कागद मिळतो, गावभर कळते. मन मोडले तर कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते करणी, कोणी म्हणते आळस. नाव नसलेली गोष्ट आठवणीच्या कणगीत कोणत्या कप्प्यात ठेवावी हेच मनाला कळत नाही, आणि मग ती शोधूनही सापडत नाही.

दुसरे कारण, बरे झाल्यावर मन जुना काळोख झाकून टाकते. पाऊस चांगला झाला की दुष्काळातली तहान आठवत नाही, तसेच हे. याच्या उलटही घडते. आज जो उदास आहे, त्याला सारे आयुष्यच उदास गेले असे वाटते. म्हणून आजच्या मनःस्थितीचा रंग जुन्या आठवणीला लागतो, हे विचारणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण, काळाचा अंदाज चुकतो. दूरची गोष्ट जवळची वाटते, जशी स्वच्छ हवेत लांबची टेकडी हाताशी आल्यासारखी दिसते. पाच वर्षांपूर्वीचा त्रास माणूस "गेल्या वर्षीच" म्हणून सांगतो.

चौथे कारण लाजेचे आहे. मुलीचे लग्न ठरायचे आहे, शेजारी ऐकत आहेत, सासूबाई ओसरीवर बसल्या आहेत. अशा वेळी आठवलेले असूनही "नाही" म्हटले जाते. पुन्हा पुन्हा "नाही" म्हटले की काही काळाने ते स्वतःलाही खरे वाटू लागते.

पाहण्यांनी काय दाखविले?

आपल्या देशात 2015-16 मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. ती बारा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता आणि तेलंगणही नव्हते. तंबाखूचे व्यसन सोडून, प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना पाहणीच्या वेळी मनाचा काही ना काही आजार आढळला. आयुष्यात कधी तरी आजार झालेल्यांचा आकडा 13.7 टक्के निघाला. दोन आकड्यांत अंतर केवळ तीन टक्क्यांचे. उदासी व घबराट यांसारखे आजार येतात आणि पुष्कळदा जातातही. मग पूर्वी आजारी पडून बरे झालेल्यांची संख्या इतकी थोडी कशी? या हिशेबात विसराचा आणि संकोचाचा वाटा असणार, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको. रास मोजताना पोती कमी भरली तर तो आधी गळती शोधतो.

परदेशात ही गळती मोजून पाहिली आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन गावी 1972-73 मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांना संशोधकांनी लहानपणापासून दर काही वर्षांनी भेटून विचारले. 2010 साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: वेळच्या वेळी विचारत गेले तर जेवढ्या लोकांना आजार होऊन गेल्याचे दिसते, ते प्रमाण एकदाच मागे वळून विचारणाऱ्या पाहण्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. अमेरिकेत बाल्टिमोर शहरातही 1981 पासून त्याच त्या लोकांना भेटून असाच पडताळा घेतला गेला. तेथे मधुमेहासारखा आजार लोकांनी बराचसा बरोबर सांगितला. पण पूर्वीच्या भेटींत नोंदलेली मनाची दुखणी निम्म्याहून कमी सांगितली गेली. शरीर आपली वही नीट ठेवते, मन आपली पाने फाडून टाकते.

आपल्या मराठी मुलखातील अनुभव विदर्भातला आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातलेच कार्यकर्ते घरोघर आणि छोट्या बैठकांतून मनाच्या त्रासाविषयी साध्या भाषेत बोलले. कार्यक्रमाच्या आरंभी आणि अठरा महिन्यांनी पाहणी झाली. आरंभी उदासीचा आजार असलेल्या शंभरांतील जेमतेम चार जणांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. अठरा महिन्यांनी ते प्रमाण सत्तावीसवर गेले. 2017 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यातून आपण घ्यायचा धडा हा की, दुखण्याला गावच्या बोलीत नाव मिळाले की माणूस ते ओळखतो, सांगतो आणि उपचारालाही जातो.

विचारण्याची रीत

जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य पाहण्यांसाठी हार्वर्ड विद्यापीठाचे प्रा. रोनाल्ड केस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारण्याच्या रीतीत सुधारणा केल्या. त्याआधी 1970 च्या दशकात मिशिगन विद्यापीठात चार्ल्स कॅनेल यांनी मुलाखतीतील आठवणीचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यातून निघालेले नियम आम्ही आपल्या घरभेटींना लागू पडतील अशा शब्दांत मांडतो.

1. आधी काम सांगा, मग शब्द घ्या. "काका, मी जुन्या गोष्टी विचारणार आहे. आठवायला वेळ लागेल, घाई नाही. नीट आठवून, जमेल तितके खरे सांगण्याचा प्रयत्न कराल ना?" एवढे विचारून होकार घेतला की माणूस मनापासून आठवू लागतो. कॅनेल यांच्या अभ्यासात हा होकार फार उपयोगी पडला.

2. दाराचे प्रश्न सारे आधी विचारा. उदासी, घबराट, झोप, दारू, संशय यांविषयीचा एकेक मुख्य प्रश्न आरंभीच विचारून घ्यावा आणि खोलात नंतर जावे. कारण माणूस हुशार असतो. एकदा "होय" म्हटले की मागून दहा प्रश्न येतात, हे त्याच्या ध्यानात आले की पुढच्या प्रत्येक दाराशी तो "नाही" म्हणतो आणि सुटका करून घेतो. केस्लर यांनी प्रश्नावलीची मांडणी बदलली ती याच कारणासाठी.

3. प्रश्न थोडा लांब व सावकाश विचारा. तुटक प्रश्नाला तुटक उत्तर मिळते. विचारणारा दोन वाक्ये जास्त बोलला तर ऐकणाऱ्याला मनात शोध घ्यायला तेवढा अवधी मिळतो.

4. बोलीतले शब्द वापरा. 'नैराश्य' म्हणू नका. "कशात जीव लागत नव्हता, कशात राम वाटत नव्हता, हातपाय गळाल्यासारखे झाले होते, छातीत धडधड होई, भरल्या ताटावरून उठावे वाटे, असे पंधरा दिवस सलग कधी झाले होते का?" असे विचारा.

5. टप्प्यांची दोरी बांधा. 1980 च्या मे महिन्यात अमेरिकेत सेंट हेलेन्स पर्वताचा ज्वालामुखी फुटला. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस व त्यांच्या सहकाऱ्याने लोकांना "गेल्या सहा महिन्यांत" असे विचारण्याऐवजी "तो पर्वत फुटल्यापासून" असे विचारून पाहिले. काळाच्या चुका कमी झाल्या. 1983 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आपल्याकडे असे टप्पे पुष्कळ आहेत. त्यांची यादी पुढे दिली आहे.

6. जवळून लांब जा. आजपासून आरंभ करून मागे मागे गेले तर आठवणी अधिक नीट हाती लागतात. गेली सुगी, त्याआधीची सुगी, असे करीत मागे जावे.

7. वयासाठी पायऱ्या ठेवा. "पहिल्यांदा झाले तेव्हाचे नेमके वय आठवते का?" नाही म्हटले तर, "अंदाजे?" तेही नाही, तर "लग्नाआधी की नंतर? शाळेत होता तेव्हा की शाळा सुटल्यावर?" नुसते "किती वर्षांचे होता?" म्हटले की लोक तीस, चाळीस असा गोल आकडा ठोकून देतात.

8. उत्तर तोंडात घालू नका. ही सर्वांत मोठी दक्षता. "तुम्ही फार खचला होता, हो ना?" असे म्हणाल तर भिडस्त माणूस "हो" म्हणेल आणि न झालेला आजार नोंदला जाईल. विसरलेले आठवू देणे हे आपले काम. नसलेले पेरू नये.

नमुना संवाद

पुढील संवाद समजावून देण्यासाठी आम्ही रचला आहे. प्रथम चुकीची रीत:

ताई: काका, तुम्हाला कधी मानसिक आजार झाला होता का?
काका: मी काय येडा दिसतो का तुम्हाला?
ताई: नाही. बरं, पुढचा प्रश्न.

येथे वहीत 'नाही' पडले आणि काकाही दुखावले. आता त्याच अंगणात दुसरी रीत:

ताई: काका, खाली बसू का? आपण भूकंपाच्या वेळी कुठं होता?
काका: गावातच. गणपती बुडवले आन् पहाटं सगळं खाली आलं. आम्ही पत्र्याच्या शेडात राहिलो मग.
ताई: शेडात असताना झोप, जेवण कसं होतं?
काका: पहिलं काही दिवस सगळ्यांचंच वाईट होतं. त्याचं काय सांगायचं?
ताई: सगळ्यांचं सावरल्यावर तुमचं सावरलं का? घाई नाही, आठवून सांगा.
काका: (थांबून) नाही. दोन सुग्या मी रानात गेलोच नाही. भावानं पेरलं, भावानंच रास केली. मी नुसता पडून असायचो. लोकांना वाटायचं कामचुकार झालाय.
ताई: त्यानंतर पुन्हा कधी असं झालं होतं?
काका: नोटा बंद झाल्या ना, त्या साली. कापूस घरात पडून होता. तेव्हा तीन-चार महिने तसंच. पण ते भूकंपासारखं एवढं नव्हतं.

पाहा, 'आजार' हा शब्द एकदाही आला नाही, तरी दोन वेळचे दुखणे, त्यांचा काळ आणि त्यांची लांबी हाती आली. आणि एक गोष्ट काकांच्या थोरल्या मुलालाही कळली, जी त्याला ठाऊक नव्हती. बाप कामचुकार नव्हता, आजारी होता. यंदा पीक गेले आणि बाप पुन्हा पडून राहू लागला तर त्याच्यावर खेकसायचे नाही, त्याला दवाखान्यात न्यायचे, हे मुलगा आता जाणतो. एका नीट विचारलेल्या प्रश्नाचे हे मोल आहे.

लपविल्याने नुकसान कोणाचे?

काही वाचक म्हणतील, झाले गेले विसरून जावे, उकरून काय लाभ? त्यांना आम्ही चार गोष्टी सांगू इच्छितो.

एक, उदासीचा आजार एकदा होऊन गेला तर तो फिरून येण्याचा संभव असतो. ज्या शेतात एकदा मर रोग पडला, त्या शेतात पुढच्या वर्षी आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. आपल्या माणसाकडेही तसेच पाहावे.

दोन, डॉक्टरांचे औषध जुन्या आठवणीवर अवलंबून असते. काही जणांना उदासीच्या आधी कधी तरी उलट अवस्था येऊन गेलेली असते. पाच-सहा दिवस झोप नाही तरी थकवा नाही, बोलण्याचा धबधबा, अंगात हत्तीचे बळ, उधारीवर मोठाली खरेदी. घरच्यांना वाटते, गडी रंगात आला. ही अवस्था डॉक्टरांना सांगितली नाही आणि केवळ उदासीची गोळी सुरू झाली, तर तीच तेजीची अवस्था उसळून येण्याचा धोका असतो. म्हणून दवाखान्यात जाताना खालच्या दिवसांबरोबर वरचे दिवसही सांगावेत.

तीन, बाळंतपणानंतर एखाद्या सुनेचे मन गंभीरपणे बिघडले असेल, तर पुढच्या बाळंतपणात ते फिरून होऊ शकते. हे आधीच डॉक्टरांना व नर्सबाईंना सांगितले तर माय आणि लेकरू दोघांनाही सांभाळता येते. माहेरची बदनामी होईल म्हणून झाकून ठेवणे हे जिवाशी खेळणे आहे.

चार, जीव देण्याचा प्रयत्न पूर्वी झाला असेल तर ती गोष्ट सर्वांत आधी सांगावी. पोलिसांच्या भीतीने लोक हे लपवतात. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरावे व त्याला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत. "मरावेसे वाटते का?" असे विचारल्याने मरणाचा विचार डोक्यात शिरतो, ही समजूतही चुकीची आहे. मायेने विचारल्यास मन हलके होते. ज्या घरात असा धोका आहे त्या घरात कीटकनाशकाचे डबे कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असावी. शक्य तर औषध लागेल तेवढेच आणावे, घरात साठा करू नये.

याशिवाय गावाचाही लाभ आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात सुरू झाला. कोठे किती डॉक्टर व किती औषध लागेल हे ठरवायला सरकारला आकडे लागतात. आपण सर्वांनी "नाही" लिहून दिले तर आपल्या भागात गरज नाही असाच त्याचा अर्थ होईल.

घरची आठवण-वही

पाहणीवाल्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. एका रविवारी, मिस्सा झाल्यावर दुपारी, घरच्या वडीलधाऱ्यांनी मिळून ही वही करावी. दोनशे पानी वहीचे एक पान पुरे. मधोमध उभी रेघ ओढा. डाव्या बाजूला टप्पे लिहा, उजव्या बाजूला त्या वेळी प्रत्येकाचे शरीर व मन कसे होते ते लिहा.

टप्पे म्हणून पुढील गोष्टी उपयोगी पडतात:

- सप्टेंबर 1948 ची पोलीस ॲक्शन. आज ऐंशीच्या पुढे असलेल्यांसाठी.
- नोव्हेंबर 1956. हैदराबाद राज्य वाटले जाऊन मराठवाडा मराठी मुलखाकडे गेला ते साल.
- 1972 चा दुष्काळ. खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि मिलो ज्वारी.
- फेब्रुवारी 1986. पोप जॉन पॉल दुसरे वसई व पुण्यास आले ते दिवस.
- 30 सप्टेंबर 1993. किल्लारीचा भूकंप.
- 2 जून 2014. तेलंगण राज्याची स्थापना.
- नोव्हेंबर 2016. नोटाबंदी.
- फेब्रुवारी-मार्च 2020. सुलतान बाजारची मेट्रो आणि मागोमाग टाळेबंदी.

यांत घरचे टप्पे मिसळा: लग्न, बाप्तिस्मे, मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, बोअर मारला ते वर्ष, जमीन गहाण पडली व सुटली ते वर्ष, घरातले मरण, चर्चमध्ये त्या वेळी कोणते फादर होते. वर्षातला काळ ठरविण्यासाठी पेरणी, पोळा, वेचणी, वेळ अमावस्या, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर यांचा आधार घ्या. "उपवासकाळात सुरू झाले आणि पेरणीपर्यंत राहिले" एवढे लिहिले तरी डॉक्टरांना तीन-चार महिन्यांचा हिशेब मिळतो.

ही वही कपाटात ठेवावी. ती चव्हाट्यावर वाचण्याची वस्तू नव्हे. घरभेटीच्या स्वयंसेवकांनीही ऐकलेली गोष्ट उंबऱ्याबाहेर नेऊ नये, प्रत्येकाला एकट्यात विचारावे, आणि कोणी उत्तर द्यायला नको म्हटले तर तो त्याचा अधिकार मानावा. आपण पापनिवेदन ऐकायला गेलेलो नाही, आणि दुखणे म्हणजे पापही नव्हे.

पवित्र शास्त्रातील एक विचारपूस

जुन्या करारातील एलिया संदेष्टा तुम्हाला ठाऊक आहे. इतका मोठा देवमाणूस, पण ईजबेलच्या धाकाने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. देवाने त्याला दटावले नाही. देवदूताने त्याला भाकर व पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोहोचला, तेव्हा देवाने त्याला विचारले की तू येथे काय करतोस. एलियाने आपले सारे गाऱ्हाणे सांगितले. थोड्या वेळाने देवाने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि एलियाने तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगितले. सर्व जाणणाऱ्या देवाला उत्तराची गरज नव्हती. एलियाला सांगण्याची गरज होती.

प्रभू येशूनेही एम्माउसच्या वाटेवर दोघा खिन्न शिष्यांना, स्वतःला सारे ठाऊक असताना, काय घडले ते विचारले, आणि त्यांना संपूर्ण कहाणी सांगू दिली. चालता चालता, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून विचारले. घरभेटीला जाणाऱ्याने या दोन प्रसंगांचे मनन करून निघावे.

मदत कोठे मिळेल?

घरात कोणी मरणाची भाषा करीत असेल तर त्याला एकटे सोडू नका, विषारी औषधे हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. क्रमांक 14416. रात्री-अपरात्री केव्हाही, विनामूल्य, आणि मराठीतही बोलता येते. हैदराबादेत एर्रगड्डा येथे सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. गावाकडे असाल तर जिल्हा रुग्णालयात विचारावे. जाताना आठवण-वहीचे ते पान बरोबर न्यावे.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी "रानात गेलो नाही" असे कोणते वर्ष सांगितले आहे? आपण त्याला तेव्हा काय नाव दिले होते?
2. आपल्या गावात मनाच्या दुखण्याला कोणकोणते शब्द आहेत? दहा शब्द लिहून काढा.
3. ज्याला गावाने आळशी किंवा बाधा झालेला म्हटले, असा कोणी माणूस आज आपल्या वस्तीत आहे का? या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल, आणि पहिला प्रश्न कोणता विचारील?